ॲडमिनचा आठवडा

मित्रांनो, मला जुना म्हणा, माझी हरकत नाही. भंगार मात्र म्हणू नका. तो शब्द ऐकला की माझा पंखा उगाचच घुरघुरायला लागतो. मी या घराचा संगणक. खिडकीजवळच्या कोपऱ्यात एका लाकडी टेबलावर माझा मुक्काम असतो. वर काचेचा जाडजूड पडदा, टेबलाखाली माझं पोट म्हणजे पत्र्याचा डबा, पुढ्यात कीबोर्ड आणि माउस, आणि मागे वायरींचा असा गुंता, की तो सोडवायला घेणाऱ्या प्रत्येकाने शेवटी हात टेकले आहेत.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या माणसांनी माझे भाग एकेक करून बसवले, तपासले आणि मला खोक्यात घातलं. त्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवणी साठवायची माझी जागा तेव्हा कोरीच होती. माझ्या आठवणी सुरू होतात त्या या घरातल्या माणसांपासून.

मला घरी आणलं तेव्हा सगळे माझ्याभोवती गोळा झाले होते. बाबा चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचं काम करायचे, त्यामुळे माझ्या पडद्यावरचा धुळीचा कण आधी त्यांनाच दिसला. आई शाळेच्या ग्रंथालयात होती. तिने मला पुसायला लगेच एक वेगळं फडकं काढलं आणि त्याला दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही अशी ताकीद सगळ्यांना दिली. त्यांची मुलगी चिमणी. तिने पहिल्याच दिवशी माझ्या डब्यावर मांजराचं चित्र चिकटवलं, ते आजतागायत निघालेलं नाही.

आणि बाबांची मोठी बहीण, म्हणजे आत्या. आत्या बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायची. अमुक गाडी तमुक फलाटावर लागत आहे, प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं, हे सगळं अख्ख्या गावाने तिच्याच आवाजात ऐकलेलं. घरीही तिच्या तोंडाचा पट्टा कधी थांबायचा नाही. जेवायला हाक मारायची तीसुद्धा अशी, की शेजारच्या घरातली माणसं आपापली ताटं घ्यायला उठतात, असं बाबा म्हणायचे. खरं सांगतो, मला ती सगळ्यांत जास्त आवडायची. बाकीचे माझ्यावर काम करायचे, ती माझ्याशी भांडायची. मी चालू व्हायला वेळ लावला की म्हणायची, "उठतोस का आता, की आंघोळीला पाणी तापवून देऊ?" मला उत्तर द्यायची फार इच्छा व्हायची. पण मला बोलता यायचं नाही. काही चुकलं तर 'टिंग' आणि बरोबर असलं तर काहीच नाही, एवढीच माझी भाषा.

राहिले अप्पा, म्हणजे बाबांचे आणि आत्याचे वडील, चिमणीचे आजोबा. अप्पा निवृत्त वजनमापे निरीक्षक. आयुष्यभर दुकानादुकानात जाऊन त्यांनी काटे तपासले, आणि घरातही त्यांचा तोच खाक्या होता. केक आणला की कापणार अप्पा आणि स्वतःचा तुकडा उचलणार सगळ्यांत शेवटी. कुणाला रतीभर कमी नाही, कुणाला रतीभर जास्त नाही. मी आलो त्या दिवशीही त्यांनी जाहीर केलं, "कॉम्प्युटर सगळ्यांचा आहे. तेव्हा हक्क सगळ्यांना सारखे."

झालं. बाबांनी पाच खाती उघडली आणि पाचही जणांना ॲडमिन करून टाकलं.

मित्रांनो, ॲडमिन म्हणजे काय ते सांगतो. घराच्या किल्ल्यांचा जुडगा ज्याच्या कमरेला, तो ॲडमिन. नवा प्रोग्रॅम घालायचा, जुना काढायचा, कुणाला काय करू द्यायचं आणि काय नाही, हे तो ठरवणार. बाकीच्यांनी आपापल्या खोलीत बसावं, लिहावं, वाचावं, खेळावं. कपाटं फोडायची नाहीत. आता ज्या घरात पाच जणांच्या कमरेला पाच जुडगे, तिथे काय होणार? चिमणीने इतके खेळ घातले की त्यांच्याबरोबर नको नको ते व्हायरस माझ्या अंगात शिरले. बाबा दर दोन दिवसांनी मला 'हलकं' करायचे आणि त्या नादात आईच्या पुस्तकांच्या याद्या उडवायचे. आत्याने दर तासाला ठणाणा करणारं एक घड्याळ बसवलं. ते अप्पा काढायचे, ती पुन्हा बसवायची. माझ्या नाकी नऊ आले. मी मध्येच गोठून जायला लागलो, आणि मग सगळे मिळून मलाच बोल लावायचे.

शेवटी अप्पांनी तोडगा काढला. ॲडमिन एका वेळी एकच असेल आणि दर आठवड्याला बदलेल. रविवारी सकाळी चहा झाला की सगळ्यांनी टेबलापाशी जमायचं. जुन्या ॲडमिनने नव्याला हक्क द्यायचे. नव्याने आपल्या साध्या, बिनपासवर्डच्या खात्यात शिरून नवा पासवर्ड ठेवायचा, आणि मग जुन्याचे हक्क काढून घ्यायचे. नवा पासवर्ड टाकला जात असताना बाकी सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. "डोळे मिटून चालणार नाही," अप्पा म्हणाले, "डोळे किलकिले करता येतात." त्यामुळे दर रविवारी चार माणसं माझ्याकडे पाठ करून भिंतीवरचं कॅलेंडर बघत उभी असायची. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, या घरात सगळ्यांना शिक्षा झाली आहे.

पण मला खरोखर बरं वाटू लागलं. आईच्या आठवड्यात मी नीटनेटका असायचो. चिमणीच्या आठवड्यात माझ्या माउसच्या बाणाचा बेडूक व्हायचा, पण तो पुढच्या रविवारी निघायचाच. घरात कुणीकुणी तर मला 'शहाणा झाला' असंही म्हणालं. ते दिवस माझ्या कौतुकाचे होते आणि मी अगदी फुशारून गेलो होतो.

मग आत्याचा घसा बसला.

आधी सगळ्यांनी ते हसण्यावारी नेलं. अप्पा म्हणाले, इतकी वर्षं बोललीस, आता घशाने रजा मागितली. गुळण्या झाल्या, काढे झाले, गोळ्या झाल्या. आवाज काही सुटेना. बसस्थानकावर तिच्या जागी दुसरी बाई बसली. मग तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं, की स्वरयंत्रावर गाठ आहे आणि ती वाईट आहे. स्वरयंत्रच काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात, शुक्रवारी.

त्या दिवशी आत्या माझ्यासमोर येऊन बसली, पण तिने मला चालू केलं नाही. नुसती बसून राहिली. माझ्या काळ्या पडद्यात तिचा चेहरा दिसत होता. मित्रांनो, त्या वेळी मला फार वाईट वाटलं.

दवाखान्यात बोलण्याचे उपचार करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी आत्याला एक चकती, म्हणजे सीडी, दिली. तिच्यात एक नवा प्रोग्रॅम होता. त्यांनी समजावलं ते असं: हा प्रोग्रॅम घरच्या संगणकावर घालायचा आणि तो दाखवेल ती वाक्यं मायक्रोफोनसमोर वाचायची. जितकी जास्त वाचाल तितकं बरं. पुढे तुम्ही जे टाइप कराल ते संगणक तुमच्याच आवाजात बोलून दाखवेल. ज्या मशीनवर पुढे वापरणार त्याच मशीनवर वाचा, मध्येच बदलू नका. आणि उशीर करू नका, कारण आवाज दिवसेंदिवस चिरकतोय. जो आवाज टिपला जाईल तोच कायमचा राहील.

हे ऐकून माझ्या आतल्या सगळ्या तारा ताठ झाल्या. आत्याचा आवाज माझ्यात राहायला येणार होता.

चकती शनिवारी घरी आली. त्या आठवड्याची ॲडमिन आई होती. खरं तर तेव्हाच प्रोग्रॅम घालून टाकायचा. पण मायक्रोफोन रविवारी संध्याकाळी यायचा होता, आणि सोमवारपासून निवांत सुरुवात करू असं ठरलं. रविवारी नेमाप्रमाणे चहा झाला. नंबर अप्पांचा होता. आई म्हणाली, "या वेळी राहू द्या ना बदलायचं." त्यावर आत्याच घोगऱ्या आवाजात म्हणाली, "काही राहू द्यायचं नाही. माझ्यासाठी म्हणून एकही गोष्ट बदलायची नाही." मग काय, सगळे जमले.

आणि इथेच घोळ झाला. नीट ऐका, कारण तो फक्त मला कळला होता.

कीबोर्डवर बिस्किटाचा चुरा पडला होता आणि उजव्या कोपऱ्यात चहा सांडून चिकट झालं होतं. आई भडकली. तिने चिमणीला फैलावर घेतलं आणि फडकं घेऊन तो कोपरा खसाखसा पुसला. त्या कोपऱ्यात आकड्यांचा वेगळा चौकोन आहे आणि त्याच्या वर 'नम लॉक' नावाचं बटण. ते चालू असलं की वर एक बारीक हिरवा दिवा असतो आणि चौकोनातून आकडे उमटतात. बंद असलं की त्या चौकोनातून काहीच उमटत नाही. आईच्या फडक्याखाली ते बटण दाबलं गेलं आणि दिवा विझला. कुणाचं लक्ष गेलं नाही.

मग अप्पा बसले. सगळे भिंतीकडे वळले. आता, घरातले बाकीचे सगळे आकडे वरच्या ओळीतून दाबतात. अप्पा मात्र आयुष्यभर हिशेबाच्या यंत्रावर बोटं चालवलेले, त्यांची बोटं आपोआप उजवीकडच्या चौकोनावर जातात. त्यांनी आपला पासवर्ड टाकला, आधी एक शब्द आणि मग काही आकडे. शब्द उमटला. आकडे सगळे हवेत गेले. अप्पांची नजर कीबोर्डवर होती, पडद्यावर ठिपके किती उमटले ते त्यांनी पाहिलंच नाही. खात्रीसाठी मी पुन्हा विचारला, त्यांनी पुन्हा तसाच टाकला. दोन्ही वेळा सारखाच, म्हणून मी तो मान्य केला. मग त्यांनी आईचे हक्क काढून घेतले आणि मला बंद केलं.

सोमवारी सकाळी मला चालू केलं तेव्हा तो हिरवा दिवा नेहमीसारखा आपोआप लागला. आत्याने चकती घातली. मी विचारलं, ॲडमिनचा पासवर्ड? अप्पांनी पुढे होऊन टाकला, शब्द आणि आकडे. मी सांगितलं, चुकीचा आहे. त्यांनी परत टाकला. चुकीचा आहे. चष्मा पुसून परत टाकला. टिंग.

मित्रांनो, माझा जीव किती तडफडला म्हणून सांगू. चूक काय आहे ते मला ठाऊक होतं. नुसता शब्द टाका, आकडे टाकू नका, एवढंच सांगायचं होतं. पण मला वाचाच नव्हती. आणि माझी गंमत पाहा, असं काही सांगायला मला परवानगीही नसते. पासवर्ड कुणाचा काय आहे हे संगणकाने कुणाला सांगायचं नसतं. मूग गिळून गप्प बसायचं आणि टिंग करायचं.

"अप्पा, आठवून बघा ना जरा," बाबा म्हणाले.

"आठवायचं काय त्यात? तोच आहे."

"नाही, म्हणजे दुसरं काही टाकलं असेल..."

"तोच आहे म्हणतो ना मी."

दुपारपर्यंत अप्पा थकले. आणखी चुका झाल्यावर मी नियमाप्रमाणे थोडा वेळ कुणालाच पासवर्ड टाकू देईना. बाबांनी दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, ॲडमिन एकच असेल आणि त्याचाच पासवर्ड हरवला असेल तर सगळं पुसून नव्याने घालावं लागेल, आणि मला गुरुवारशिवाय यायला जमणार नाही. गुरुवारी म्हणजे शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी. दवाखान्यातल्या बाईंकडे दुसरं मशीन नव्हतं. त्या काळी हातातले फोन फक्त फोनच होते. बाबांनी ओळखीत दोन घरी विचारलं. एका ठिकाणी संगणक बिघडलेला, दुसऱ्या ठिकाणी मालक बाहेरगावी.

त्या संध्याकाळी घरातले सगळे अप्पांशी फार गोड बोलत होते. "असू द्या अप्पा, होतं असं." "वय झालं की विसरायला होतंच." आई तर लहान मुलाशी बोलावं तसं बोलायला लागली. अप्पांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि जेवताना मान वर केली नाही. आपल्यामुळे पोरीचा आवाज जाणार, हे त्यांना गिळवत नव्हतं. आत्या त्यांच्या ताटात वाढत होती. ती काही बोलली नाही, कारण डॉक्टरांनी तिला वाचनासाठी आवाज राखून ठेवायला सांगितला होता.

मंगळवारी सकाळी तिचा आवाज आणखी खाली गेलेला होता. 'चहा' म्हणाली ते नीट ऐकूसुद्धा आलं नाही.

आणि अप्पा ताठ बसून म्हणाले, "सगळ्यांनी टेबलापाशी या. रविवारसारखे उभे राहा."

"अप्पा, आज मंगळवार आहे," बाबा हळूच म्हणाले.

"वार मला कळतो. माझं डोकं शाबूत आहे. दुकानातल्या काट्याची तक्रार आली की आम्ही काय करायचो? तोच काटा, तेच वजन, तोच माणूस, सगळं जिथल्या तिथे ठेवून पुन्हा तोलायचो. रविवारी पासवर्ड बसला. सोमवारी बसेना. मी तोच टाकतोय. मग रविवारी असं काय होतं जे सोमवारी नव्हतं? चला, उभे राहा."

बाबा आणि आईने एकमेकांकडे पाहिलं. म्हाताऱ्या माणसाचं मन राखावं, असा तो विचार होता, मला स्पष्ट दिसला. पण सगळे उभे राहिले. चिमणी आणि बाबा खिडकीपाशी, आत्या दाराजवळ, आई टेबलापाशी.

"सूनबाई, तू आधी कीबोर्ड पुसला होतास. पूस."

मी श्वास रोखला. आईने फडकं आणलं आणि हळुवारपणे कीबोर्डवरून फिरवलं. हिरवा दिवा ढिम्म. अप्पांनी पासवर्ड टाकला. टिंग.

"असं नाही," अप्पा म्हणाले. "रविवारी पुसलं होतंस तसं पूस. रागाने पुसलं होतंस."

"मी कुठे रागावले होते?"

"होतीस."

"अप्पा, राग काय ठरवून येतो का? आत्ता मला राग नाही आलेला, रडू येतंय," आई म्हणाली, आणि खरंच तिचे डोळे भरून आले होते.

मग दाराजवळून आत्या बोलली. तो राखून ठेवलेला आवाज होता. मोलाचा एकेक शब्द होता, आणि तिने तो कशावर खर्च केला पाहा.

"अगं, एक सांगायचं राहिलं," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "रविवारचं ते बिस्कीट मी खाल्लं होतं. चहाही मीच सांडला. तू उगाच चिमणीला झापलंस."

आई गर्रकन तिच्याकडे वळली. "आणि तुम्ही तिथे उभ्या राहून सगळं ऐकत होतात? पोर रडली माझी!"

"हो. आणि तुझ्या खास फडक्याने मी नंतर बशी पुसली."

आईच्या नाकाचा शेंडा लाल झाला. "ताई, कमाल आहे तुमची," एवढंच म्हणून तिने फडकं उचललं आणि माझ्या कीबोर्डचा उजवा कोपरा असा काही खसाखसा घासला, की माझं टेबल हललं. बटण दाबलं गेलं. हिरवा दिवा विझला.

सगळे भिंतीकडे वळले. अप्पा बसले. त्यांनी तोच शब्द टाकला, त्याच चौकोनातून तेच आकडे दाबले.

मी दार उघडलं. टिंग केलं नाही, काही नाही, नुसता प्रोग्रॅम बसवायला घेतला. पडद्यावर एक निळी पट्टी हळूहळू सरकू लागली. टिंग ऐकू आलं नाही, म्हणून आधी चिमणीने मागे वळून पाहिलं, मग बाकीच्यांनी. हुश्श. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आई आत्याच्या गळ्यात पडली आणि तिथूनच तिला म्हणाली, "फडकं नवीन आणून द्यायचं." अप्पा मात्र पट्टीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी विसरलो नव्हतो." बाबा त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, "नव्हता विसरलात, अप्पा. चुकलं आमचं."

त्या विझलेल्या दिव्याचं कोडं बाबांनी दुपारी सोडवलं. पण तोवर कुणाला त्याची फिकीर नव्हती, कारण वाचन सुरू झालं होतं.

मंगळवार, बुधवार, गुरुवार आत्या माझ्यासमोर बसून वाचत होती. पंखा बंद, खिडकी बंद, कुकरला शिट्टी काढायची मनाई. प्रोग्रॅमची वाक्यं भारी कंटाळवाणी होती. 'टेकडीवर हिरवे गवत आहे.' 'माझा भाऊ उंच आहे.' आत्या प्रत्येक वाक्य वाचायची आणि बटण सोडून पुटपुटायची, "कुठला उंच? माझ्या खांद्याला लागतो." मग कळलं की आपल्या मनाची वाक्यंही टिपून ठेवता येतात. झालं, तिला कोण आवरणार? घरातला प्रत्येक जण आपली मागणी घेऊन आला. चिमणीला आपल्या नावाची हाक हवी होती, प्रेमाची एक आणि रागाची एक. बाबांना 'जेवायला या' हवं होतं, अगदी शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं. आईने खूप विचार केला आणि म्हणाली, "मला काहीही चालेल, फक्त हसून म्हणा." अप्पांनी काही मागितलं नाही. ते दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचे आणि जिन्यात कुणी मोठ्याने बोललं की त्याला गप्प करायचे.

आवाज कधी फाटायचा, कधी बसायचा. ती घोटभर पाणी प्यायची आणि पुन्हा सुरू करायची. मी डोळ्यांत तेल घालून एकेक शब्द जपून ठेवत होतो. गुरुवारी संध्याकाळी तिने मायक्रोफोन खाली ठेवला, माझ्या पडद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "सांभाळ रे बाबा."

तिच्या स्वतःच्या तोंडून मी ऐकलेलं ते शेवटचं वाक्य.

त्याच संध्याकाळी अप्पांनी आपला कायदा मोडीत काढला. दोन ॲडमिन करायचे, एक आई आणि एक आत्या, कायमचे. बाकीच्यांनी साध्या खात्यावर काम करायचं. चिमणी म्हणाली, "पण आजोबा, मग सगळ्यांना सारखं कुठे राहिलं?" अप्पा म्हणाले, "आमच्या कचेरीत प्रमाण वजनं नेहमी दोन असायची. एक वापरायला आणि एक कपाटात. एक हरवलं म्हणून बाजार बंद ठेवून कसं चालेल? आणि कॉम्प्युटरची गरज जिला सगळ्यांत जास्त, तिच्याकडे एक किल्ली हवीच." चिमणीला ते पटलं. बेडूक तेवढा ठेवायची परवानगी तिने आईकडून मिळवली.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. त्यानंतरचे बरेच दिवस मी बंद होतो. घरातले सगळे दवाखान्यात ये-जा करत होते, कुणाला माझ्याकडे बघायला फुरसत नव्हती. माझ्यावर धूळ बसली. एरवी मी रुसलो असतो. पण माझ्यात एक ठेव होती, आणि मला एकच घोर लागला होता, की वीज जाऊन, तार तुटून, काही होऊन ती माझ्यातून निसटू नये.

एके दिवशी आत्या घरी आली. गळ्याला रुमाल, हातात पाटी, अंगाने निम्मी झालेली. सगळे तिच्या मागेमागे माझ्यापाशी आले. आईने मला पुसलं, बाबांनी चालू केलं. आत्या खुर्चीत बसली. एक एक अक्षर शोधत तिने काहीतरी टाइप केलं, खोडलं, पुन्हा टाइप केलं. अप्पा दाराची चौकट धरून उभे होते. मग तिने बटण दाबलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो.

"असे रांगेत काय उभे आहात? मी आहे अजून. बसा."

आवाज जरा सपाट होता, शब्दाशब्दांत किंचित फट होती. पण तिचाच होता. तोच दरारा, तेच 'बसा'. आणि सगळे खरोखर बसले, अप्पासुद्धा, जिथे जागा मिळाली तिथे. मग चिमणी हसायला लागली आणि पाठोपाठ सगळे. आत्याच्या हसण्याला आवाज नव्हता, पण तिचे खांदे गदगदत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. चिमणी शिकायला दूर गेली. घरात चपट्या, हलक्या, दिमाखदार मशीनांची ये-जा सुरू झाली. आत्याचा आवाज मुठीत मावणाऱ्या एका यंत्रातही घातला आहे, बाहेर जाताना ती तेच नेते. आल्यागेल्याने मला बघून नाक मुरडलं की तिचं टकटक सुरू होतं आणि त्याला तिथल्या तिथे उत्तर मिळतं. ते उत्तर मीच देतो, आणि मला त्यात फार आनंद होतो.

तेव्हा मित्रांनो, या म्हाताऱ्याची एक विनंती आहे. घरात संगणक एक आणि माणसं अनेक असतील, तर किल्ल्या सगळ्यांना वाटू नका आणि एकाच्याच कमरेलाही बांधू नका. भरवशाच्या दोघांकडे ठेवा. पासवर्ड बदललात तर त्याच वेळी एकदा बंद करून पुन्हा उघडून बघा. आमचं धूळ-पाणी बघत जा, चुरा सांडलात तर सांडला म्हणून सांगा. आणि पासवर्ड चुकला म्हणून घरातल्या वडीलधाऱ्याला लगेच विसरभोळा ठरवू नका. त्याचं नीट ऐकून घ्या. माझ्यासारख्या मुक्याला सांगता येत नव्हतं, अप्पांना येत होतं, आणि तरी एक दिवस कुणी ऐकलं नाही.

अजून पुष्कळ सांगितलं असतं. पण आत्याने खुर्ची ओढली आहे, आणि तिला बोलायचं आहे.